सर विल्यम हॅमिल्टन : रसिक की व्यापारी?

इतिहासात काही माणसांच्या वाट्याला विचित्र दैव येते. आयुष्यभर त्यांनी केलेले काम एका बाजूला राहते आणि लोक त्यांना ओळखतात ते दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने. सर विल्यम हॅमिल्टन हा असाच एक माणूस. ट्रॅफल्गारच्या लढाईतील इंग्रजांचा आरमारी सेनापती नेल्सन आपल्याला क्रमिक पुस्तकातून ठाऊक असतो. थोडे अवांतर वाचन असेल तर नेल्सनची प्रेयसी एमा हॅमिल्टन हिचेही नाव कानावर आलेले असते. आणि या एमाचा वयस्क नवरा म्हणून, जवळजवळ हास्यास्पद पात्र म्हणून, विल्यम हॅमिल्टनचा उल्लेख एखाद्या ओळीत येऊन जातो.

परंतु लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रीक चित्रांकित मृत्पात्रांची जी दालने आहेत, त्यांचा पाया या माणसाने घातला. आज चिनी मातीची आणि काचेची जुनी भांडी विकत घेऊन ती चढ्या किमतीला विकण्याचा जो व्यवसाय जगभर चालतो, त्या व्यवसायाच्या खाचाखोचाही त्याच्या चरित्रात जशाच्या तशा सापडतात. तो रसिक होता यात शंका नाही. तो व्यापारी होता यातही शंका नाही. या दोहोंचा मेळ त्याला कितपत साधला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

हॅमिल्टनचा जन्म १७३०-३१ च्या हिवाळ्यातला. स्कॉटलंडच्या एका मोठ्या सरदार घराण्यातील लॉर्ड आर्चिबाल्ड हॅमिल्टन हे त्याचे वडील. ते एके काळी जमैकाचे गव्हर्नर होते. आई लेडी जेन हिचे युवराज फ्रेडरिक याच्या दरबारात मोठे वजन होते. त्यामुळे पुढे तिसरा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राशी विल्यमची लहानपणापासून ओळख होती. घराणे मोठे, ओळखी मोठ्या. पण विल्यम हा चौथा मुलगा. इंग्लंडातील रिवाजाप्रमाणे जमीनजुमला थोरल्याकडे जायचा आणि धाकट्यांनी फौज, चर्च किंवा सरकारी नोकरी यांपैकी काहीतरी पाहायचे. विल्यमने फौज पाहिली. १७४७ साली तो पायदळात दाखल झाला. अभिरुची राजपुत्राची आणि खिसा धाकट्या भावाचा, ही त्याच्या आयुष्याची अडचण तेव्हापासूनची आहे. पुढे त्याने जे जे केले त्याच्या मुळाशी ही अडचण होती हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१७५८ साली त्याने कॅथरिन बार्लो या वेल्समधील वारसदार मुलीशी लग्न केले आणि फौज सोडली. लग्नात पैशाचा विचार होता हे त्याने पुढेही कधी लपवले नाही. तरीही हा संसार सुखाचा झाला. कॅथरिन नाजूक प्रकृतीची, धार्मिक वृत्तीची आणि उत्तम वादक होती. १७७० साली बालवयातला मोत्झार्ट आपल्या वडिलांबरोबर नेपल्सला आला, तेव्हा बापलेक हॅमिल्टन दांपत्याच्या घरी गेले होते.

नेपल्सला हॅमिल्टन आला तो १७६४ मध्ये, तेथील दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून. आपल्याकडे पेशव्यांच्या दरबारी जसे मॅलेटसारखे इंग्रज वकील असत, तसेच हे पद. मात्र नेपल्सचे राज्य त्या वेळी युरोपच्या राजकारणात फारसे महत्त्वाचे नव्हते. कामाचा बोजा कमी आणि मोकळा वेळ भरपूर. तेथे तो छत्तीस वर्षे राहिला.

या जागेचे खरे महत्त्व निराळेच होते. नेपल्सच्या डोक्यावर व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी आणि पायाशी दोन हजार वर्षांपूर्वीचे जग. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या शहराचे उत्खनन १७३८ साली आणि पॉम्पेईचे १७४८ साली सुरू झाले होते. हॅमिल्टनने या दोन्हींचा ध्यास घेतला. तो कित्येक वेळा व्हेसुव्हियस चढून गेला, उद्रेकांच्या नोंदी ठेवल्या, लाव्हाचे नमुने जमवले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला निबंध पाठवले. १७७० साली सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. केवळ हौशी माणसाला हा मान मिळत नसतो.

ज्वालामुखीच्या अभ्यासातून कीर्ती मिळाली. मृत्पात्रांतून कीर्ती मिळाली आणि पैसाही.

दक्षिण इटलीत इसवी सनापूर्वी सातव्या-आठव्या शतकांपासून ग्रीकांच्या वसाहती होत्या. त्या लोकांत मृताबरोबर थडग्यात मातीची भांडी पुरण्याची चाल होती. काही भांडी अथेन्सहून जहाजांनी आलेली, काही इटलीतच घडवलेली. तांबूस माती, तिच्यावर काळ्या तकतकीत लेपाने काढलेल्या देवदेवतांच्या, योद्ध्यांच्या, विवाहाच्या आणि मद्यपानाच्या चित्रमालिका. काळ्या पार्श्वभूमीवर तांबडी माणसे, किंवा तांबड्या पार्श्वभूमीवर काळी. हा काळा रंग म्हणजे वेगळे द्रव्य नव्हे. तीच माती, अधिक बारीक करून गाळलेली. भट्टीत हवा आधी खेळती ठेवायची, मग कोंडायची, मग पुन्हा आत सोडायची. या तीन पायऱ्यांत लेप काळा होऊन तसाच राहतो आणि उरलेले भांडे पुन्हा तांबडे होते. अथेन्सच्या कुंभारांनी ही विद्या इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांत कळसाला नेली होती.

हॅमिल्टन नेपल्सला आला तेव्हा नांगराच्या फाळाला लागून किंवा थडगी खणून ही भांडी निघत असत. स्थानिक सरदारांकडे त्यांचे संग्रहही होते. पण युरोपच्या धनिकांचा डोळा होता तो संगमरवरी पुतळ्यांवर, नाण्यांवर आणि कोरीव रत्नांवर. मातीच्या मडक्यांना तेवढा मान नव्हता. म्हणजेच ज्या वस्तूत सौंदर्य आहे पण ज्या वस्तूला अद्याप भाव आलेला नाही, अशी वस्तू त्याला सापडली. आजही या धंद्यातला जाणता माणूस हेच शोधत असतो. हॅमिल्टनने पोर्चिनारी घराण्याचा संग्रह एकगठ्ठा विकत घेतला, खणणाऱ्यांशी संधान बांधले, दलालांना पैसे दिले आणि दोन-तीन वर्षांतच त्याचे घर भांड्यांनी भरून गेले.

पुढचे पाऊल त्याच्या हुशारीचे. नुसता संग्रह करून वस्तूला मोल येत नाही. वस्तू लोकांना दिसली पाहिजे आणि तिच्याविषयी बोलले गेले पाहिजे. त्याने पिएर ह्यूग या, स्वतःला दांकारव्हिल म्हणवणाऱ्या एका विद्वान पण भानगडखोर फ्रेंच गृहस्थाला हाताशी धरले आणि आपल्या संग्रहाचा रंगीत चित्रांचा चार खंडांचा ग्रंथ काढायचे ठरवले. पहिल्या खंडावर १७६६ हे साल आहे. शेवटचा खंड १७७६ मध्ये बाहेर पडला. भांड्यांची मापे, आकार, चित्रे सारे इतक्या तपशिलाने दिले की कारागिराने पुस्तक समोर ठेवून भांडे घडवावे. मध्यंतरी दांकारव्हिल सावकारांना चुकवून नेपल्सहून पळाला आणि ग्रंथाची तांब्याची पत्रे गहाण पडली. हॅमिल्टनला त्यात मोठा खड्डा पडला. तरी ग्रंथाने आपले काम केले. ही भांडी त्या वेळी एट्रुस्कन लोकांची समजली जात. ती मूळची ग्रीक असावीत हा विचारही याच काळात विन्केलमानसारख्या पंडितांनी पुढे आणला आणि हॅमिल्टननेही पुढे तोच उचलून धरला.

हा ग्रंथ इंग्लंडात ज्याच्या हाती पडला तो माणूस म्हणजे जोसाया वेजवुड. स्टॅफर्डशरचा हा कुंभार कारखानदार होऊ पाहत होता. १३ जून १७६९ रोजी त्याने आपल्या नव्या कारखान्याचे उद्घाटन केले आणि कारखान्याला नाव दिले एट्रुरिया. त्या दिवशी भागीदार बेंटली याने चाक फिरवले आणि वेजवुडने स्वतःच्या हातांनी सहा काळी पात्रे घडवली. त्यांवर मागाहून तांबड्या रंगात जी चित्रे रंगवली गेली, ती हॅमिल्टनच्या ग्रंथातली होती. पुढची कित्येक वर्षे इंग्लंडच्या घराघरांत ग्रीक वळणाच्या सुरया आणि कलश दिसू लागले ते या पुस्तकामुळे. थडग्यातले मडके आधी पुस्तकात गेले आणि पुस्तकातून कारखान्यात.

१७७१ साली हॅमिल्टन रजेवर मायदेशी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्ज होते आणि संग्रहाची कीर्ती शिगेला पोहोचली होती. १७७२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ८४०० पौंड मंजूर केले आणि ब्रिटिश म्युझियमसाठी सारा संग्रह विकत घेतला. त्यात ७३० मृत्पात्रे, १७५ भाजलेल्या मातीच्या मूर्ती व फलक, सुमारे ३०० प्राचीन काचवस्तू, ६२७ कांस्यवस्तू आणि सहा हजारांहून अधिक नाणी होती. तोपर्यंत हे म्युझियम म्हणजे मुख्यतः पुस्तके, हस्तलिखिते, वाळलेली झाडे आणि भुसा भरलेले प्राणी यांचा साठा. प्राचीन कलेचे संग्रहालय म्हणून त्याची जी ख्याती झाली तिची ही सुरुवात. त्याच वर्षी राजाने हॅमिल्टनला सर हा किताब दिला.

या व्यवहाराचा हिशेब दोन तऱ्हांनी मांडता येतो. हॅमिल्टनला रोख पैसा मिळाला. पण ग्रंथाचा खर्च आणि आठ वर्षांची खरेदी पाहता तो मालामाल झाला असे दिसत नाही. देशाचा मात्र निश्चित फायदा झाला. या संग्रहावरून घडवलेल्या मालाच्या विक्रीतून वेजवुडने दोन वर्षांत देशात आणलेला पैसा पार्लमेंटने मोजलेल्या रकमेच्या कितीतरी पट होता, असे पुढे सांगितले जाई. पुराणवस्तूंचा खरा नफा पुष्कळदा विकणाऱ्याच्या पेटीत पडत नाही, तो वस्तू पाहून शिकणाऱ्याच्या हातात पडतो.

यानंतर हॅमिल्टनने मडक्यांचा नाद सोडायचे ठरवले. पण ज्याला हा नाद लागतो त्याचे निश्चय किती टिकतात हे जाणकारांना सांगायला नको. ऑगस्ट १७८२ मध्ये कॅथरिन वारली. त्याच सुमारास रोममधील जेम्स बायर्स या स्कॉटिश दलालाने त्याला एक काचेचा कलश दाखवला. उंची जेमतेम २४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी अधिक. आत गडद निळी, जवळजवळ काळी काच. तिच्यावर पांढऱ्या काचेचा थर. आणि हा पांढरा थर कोरून काढलेल्या मानवी आकृती. जेथे पांढरा थर पातळ ठेवला आहे तेथे खालचा निळा रंग सावलीसारखा झिरपतो. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास रोमन कारागिरांनी केलेले हे काम. असा दुसरा कलश जगात नाही. रोममधील बार्बेरिनी या बड्या घराण्याकडे तो दीडशेहून अधिक वर्षे होता, आणि घराण्यातील एका बाईला पत्त्यांच्या जुगारात झालेले कर्ज फेडण्यासाठी तो बाहेर आला होता.

हॅमिल्टनपाशी पैसे नव्हते. तरी त्याने हजार पौंडांना तो घेतला. रसिकाने कलश पाहिला आणि व्यापाऱ्याने लगेच गिऱ्हाईक शोधायला घेतले. कलश घेऊन तो इंग्लंडला आला आणि आपल्या पुतणीच्या मध्यस्थीने त्याने पोर्टलंडच्या विधवा डचेसशी गुपचूप बोलणी केली. ही वृद्ध बाई म्हणजे त्या काळची सर्वांत मोठी संग्राहक. शंखशिंपल्यांपासून चिनी मातीपर्यंत सारे जमवायची. १७८४ च्या आरंभी इतर काही वस्तूंसह तो कलश तिने १८०० गिनींना घेतला. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, पौंडाहून एक शिलिंग अधिक.

पुढचा प्रकार किमतींच्या बाबतीत डोळे उघडणारा आहे. डचेस १७८५ मध्ये वारली. १७८६ साली तिच्या साऱ्या संग्रहाचा लिलाव झाला आणि तिच्याच मुलाने हा कलश ९८० गिनींना परत घेतला. तोच कलश, तीच कोरीव नक्षी, दोन वर्षांचे अंतर. खाजगीत हट्टाने घेणाऱ्या एका माणसाची किंमत वेगळी आणि भर लिलावात दहा जणांसमोर ठरणारी किंमत वेगळी. हॅमिल्टनचे गिऱ्हाईक योग्य वेळी भेटले म्हणून त्याला लाभ झाला, इतकेच.

नव्या ड्यूकने कलश लिलावानंतर लगेच वेजवुडच्या हवाली केला. काचेतले काम आपल्या जास्पर नावाच्या मातीत उतरवायचे म्हणून वेजवुड झपाटला. कधी भट्टीत फोड येत, कधी तडे जात, कधी पांढरी नक्षी पोपडा धरून उचलली जाई. जवळजवळ चार वर्षे धडपड चालली तेव्हा कोठे १७९० साली मनासारखी प्रत लोकांसमोर ठेवता आली. पुढे १८७६ मध्ये जॉन नॉर्थवुड या कारागिराने काचेतच या कलशाची प्रतिकृती कोरून पूर्ण केली आणि तिच्यातून इंग्लंडात कोरीव दुरंगी काचेची एक नवी कलाच उभी राहिली. मूळ कलश १८१० पासून ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायला दिलेला होता. ७ फेब्रुवारी १८४५ रोजी एका दारूबाज तरुणाने दालनातला एक जड दगड त्याच्यावर फेकला आणि त्याच्या ठिकऱ्या ठिकऱ्या झाल्या. म्युझियमच्या कारागिराने त्या त्याच वर्षी जोडल्या. १९४५ साली म्युझियमने तो कायमचा विकत घेतला. आज तो पोर्टलंड कलश म्हणून ओळखला जातो. त्याच्या नावात हॅमिल्टन कोठेच नाही.

१७८६ साली हॅमिल्टनच्या आयुष्यात एमा आली. त्याचा भाचा चार्ल्स ग्रेव्हिल याने तिला आश्रय दिला होता. पुढे एखादी श्रीमंत वधू मिळावी म्हणून त्याने तिला मामाकडे नेपल्सला पाठवून दिले. एखादी वस्तू एका संग्रहातून दुसऱ्या संग्रहात जावी तसा हा प्रकार झाला आणि त्यात एमाला कोणी विचारलेही नव्हते. लोहाराच्या घरात जन्मलेली ही एकवीस वर्षांची मुलगी कमालीची देखणी आणि बुद्धिमान निघाली. ग्रीक भांड्यांवरील स्त्रियांसारखी वस्त्रे नेसून ती एकामागून एक मुद्रा घेई आणि ते पाहायला युरोपातले प्रवासी येत. १७९१ मध्ये हॅमिल्टनने तिच्याशी रीतसर लग्न केले. तेव्हा तो साठीचा होता. लोक हसले. पण दरबारात तिला मान मिळावा म्हणून त्याने जे लौकिकाचे नुकसान सोसले, तेही ध्यानात घेतले पाहिजे.

१७८७ साली जर्मन महाकवी गटे नेपल्सला आला असता हॅमिल्टनने त्याला आपले गुप्त भांडार दाखवले. तेथे इतर वस्तूंच्या गर्दीत गटेला कांस्याच्या दोन सुंदर समया दिसल्या. त्या पॉम्पेईच्या उत्खननातून वाट चुकून आल्या असाव्यात असे त्याला वाटले. त्याने सोबतच्या चित्रकाराला हळूच खूण केली, तेव्हा त्याने गप्प राहण्याचा सल्ला दिला. हा प्रसंग गटेने आपल्या इटलीच्या प्रवासवर्णनात नमूद करून ठेवला आहे.

येथे हॅमिल्टनच्या चरित्राची दुसरी बाजू उघडी पडते. नेपल्सच्या राजाने १७५५ सालीच पुराणवस्तू परवानगीशिवाय राज्याबाहेर नेण्यास बंदी घातली होती. राजाच्या मालकीच्या उत्खननांतून तर काडीही उचलता येत नसे. परंतु परक्या राजाच्या वकिलाच्या पेट्या कोण उघडून पाहणार? त्यातून हा वकील राजाबरोबर शिकारीला जाणारा, राणीच्या विश्वासातला. कायदा होता, तो राबवायला माणसेही होती, पण मैत्रीपुढे कोणी बोलत नव्हते. आणखी एक नुकसान झाले ते कोणत्याही कायद्याच्या कक्षेत न बसणारे होते. हॅमिल्टनच्या भांड्यांपैकी बहुतेक नेमकी कोणत्या थडग्यात, कोणाच्या उशाशी, आणखी कोणत्या वस्तूंबरोबर सापडली, याची नोंद राहिली नाही. खणणारा मजूर सुबक भांडे उचलायचा आणि फुटके टाकून द्यायचा. कारण दलाल फुटक्याचे पैसे देत नसे. भांडे वाचले, त्याच्याभोवतीची हकीकत कायमची पुसली गेली. त्या काळी पुरातत्त्व हे शास्त्र म्हणून उभे नव्हते, हे हॅमिल्टनच्या बाजूने म्हणता येईल. पण ज्वालामुखीतला प्रत्येक दगड कोठून उचलला याची टिपणे ठेवणाऱ्या माणसाला थडग्याच्या बाबतीत ती सवय का लागली नाही, हा प्रश्न उरतोच.

१७८९ च्या सुमारास नोला आणि आसपासच्या गावी थडग्यांचे नवे घबाड सापडले आणि हॅमिल्टनचा जुना नाद उफाळून आला. थोड्याच वर्षांत त्याने पहिल्याहून मोठा, हजाराच्या वर भांड्यांचा दुसरा संग्रह केला. या वेळी ग्रंथाची चित्रे टिशबाइन या जर्मन चित्रकाराच्या देखरेखीखाली झाली. रंग नाहीत, केवळ रेषा. म्हणजे गरीब कलावंतालाही पुस्तक परवडावे. आणि या वेळीही विक्रीचा विचार मनात होताच. प्रशियाच्या राजाला हा संग्रह विकण्याची त्याची इच्छा होती, पण ते जमले नाही. वय वाढत होते, कर्ज वाढत होते, आणि उत्तरेकडून नेपोलियनच्या फ्रेंच फौजा इटलीत उतरल्या होत्या.

१७९८ च्या अखेरीस नेपल्स पडणार हे दिसू लागले. हॅमिल्टनने भांडी पेट्यांत भरली आणि त्यातल्या आठ पेट्या कोलोसस या चौऱ्याहत्तर तोफांच्या इंग्रजी युद्धनौकेवर चढवल्या. १० डिसेंबर १७९८ रोजी इंग्लंडचा किनारा अगदी जवळ आला असता सिली बेटांपाशी वादळात नौका खडकांवर आपटून फुटली. खलाशी जवळजवळ सारे वाचले, पेट्या तळाशी गेल्या. त्याच महिन्यात नेपल्सचे राजकुटुंब, हॅमिल्टन आणि एमा यांना नेल्सनने आपल्या जहाजावर घेऊन सिसिलीतील पालेर्मोला सुरक्षित पोहोचवले. तेथे त्याला ही बातमी कळली. राहते घर गेले होते, फर्निचर गेले होते. पण त्या म्हाताऱ्या माणसाने सर्वांत अधिक शोक केला तो भांड्यांचा.

१८०० साली वकिली संपली आणि तो इंग्लंडला परतला. येथे एक अनपेक्षित सुख त्याच्या वाट्याला आले. उरलेल्या पेट्या उघडल्या तेव्हा उत्तम उत्तम भांडी त्यांतच निघाली. घाईगर्दीत बुडालेल्या जहाजावर दुय्यम माल अधिक गेला होता. पण ती जवळ ठेवण्याची ऐपत आता राहिली नव्हती. १८०१ मध्ये चित्रांचा लिलाव झाला आणि भांडी टॉमस होप या धनाढ्य संग्राहकाने चार हजारांहून अधिक गिनींना एकगठ्ठा घेतली. होपने आपल्या लंडनच्या वाड्यात त्यांची दालने मांडली आणि त्या पिढीच्या फर्निचरपासून पोशाखापर्यंत साऱ्या अभिरुचीवर त्यांची छाप पडली. पुढे १९१७ च्या लिलावात तो संग्रहही पांगला.

६ एप्रिल १८०३ रोजी लंडनमधील घरी हॅमिल्टनने प्राण सोडला. एमा आणि नेल्सन दोघेही उशाशी होते. वेल्समध्ये, पहिली पत्नी कॅथरिन हिच्या शेजारी, त्याला पुरण्यात आले. छत्तीस वर्षे थडग्यांतून भांडी काढणाऱ्या या माणसाने मागे ठेवले ते मुख्यतः कर्ज. इस्टेट ग्रेव्हिलकडे गेली, एमाला वर्षासन मिळाले आणि तीही १८१५ साली कॅले येथे हलाखीत वारली.

कोलोससच्या कथेला मात्र पुढे एक प्रकरण जोडले गेले. १९७४ साली पाणबुड्यांना त्या नौकेचे अवशेष सापडले आणि पुढच्या काही वर्षांत समुद्रतळातून तीस हजारांहून अधिक खापरांचे तुकडे वर आले. ब्रिटिश म्युझियममध्ये टिशबाइनच्या रेखाटनांशी ताडून त्यांतली काही भांडी ओळखता आली. जो ग्रंथ विक्री वाढावी म्हणूनही काढला होता, तोच दोनशे वर्षांनी फुटक्या भांड्यांची ओळख पटवायला उपयोगी पडला. आणि ज्या फुटक्या तुकड्यांना हॅमिल्टनच्या काळी दलाल कवडीही देत नसे, त्यांच्यासाठी या वेळी माणसे समुद्राच्या तळाशी गेली.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येऊ. हॅमिल्टन रसिक की व्यापारी? त्याने विकले नसते तर ती भांडी नेपल्सच्या एखाद्या वाड्यात पडून राहिली असती किंवा फ्रेंच फौजांच्या हाती लागली असती. त्याने विकले म्हणून ती सर्वांना पाहायला मिळाली. पण विकण्यासाठी आधी विकत घेतले, विकत घेतले म्हणून खणणाऱ्यांचा धंदा चालला आणि धंदा चालला म्हणून शेकडो थडगी नोंदीवाचून रिकामी झाली. एकाच कृतीची ही दोन टोके आहेत. त्यांतले एक धरून दुसरे सोडता येत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. आपल्या देशात पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ साली झाला, म्हणजे हॅमिल्टनच्या विक्रीनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, आणि तो १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. तरी जुन्या देवळातली मूर्ती नाहीशी झाल्याची बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात वाचायला मिळतेच. कायदा नेपल्सच्या राजानेही केला होता.

कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडन याची लहानशी कांस्यमूर्ती अवश्य पाहा. १९४४ ते १९४६ या काळात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर जी उत्खनने झाली त्यांतून ती मिळाली. हॅमिल्टनने असली मूर्ती नेपल्सच्या बाजारात हसत हसत विकत घेतली असती. पण आपल्यासाठी तिचे मोल ती सुबक आहे म्हणून नाही. ती कोणत्या टेकडीवर, कोणत्या वस्तीत, कोणत्या वस्तूंबरोबर निघाली हे ठाऊक आहे, आणि म्हणून सातवाहनांच्या काळी आपल्या या भागाचे भूमध्य समुद्राशी दळणवळण होते हे ती सांगू शकते. बेळगावजवळ वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्तीचे जे उत्खनन झाले, तेथील खापरांचेही तसेच. बाजारात त्यांना कोणी पैसा देणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या गावी शेत नांगरताना खापर निघते, विहीर खणताना मणी सापडतो, आजीच्या फडताळात जुनी चिनी मातीची बरणी असते. बरणी घरची आहे. ती ठेवावी, जपावी, हवी तर विकावी. पण जमिनीतून निघालेले खापर उचलण्यापूर्वी ते कोठे आणि कशाजवळ होते हे वहीत लिहून ठेवावे आणि महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवावे. सर विल्यम हॅमिल्टनजवळ दृष्टी होती, विद्या होती, धाडस होते. एवढी एक वही मात्र त्याने ठेवली नाही.